टेकडी सोडून काहीही विचारा

३ फेब्रुवारी, सोमवार
ऑफिसात व्याख्यान झालं. विषय : इनसायडर थ्रेट, म्हणजे घरभेदी. पाहुण्या तज्ज्ञांचं म्हणणं, सरकारी गुपितं बाहेरचे चोर नेत नाहीत, आतलीच माणसं पोचवतात. नंतर आमचे सुरक्षा अधिकारी उठले आणि म्हणाले, आपल्या गोपनीय शाखेतूनही एक गोष्ट फुटली आहे. कुठली, ते इथे लिहिणार नाही. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, पण शिस्त ती शिस्त. सरकार एके ठिकाणी रडार केंद्र उभारणार आहे आणि ते जाहीर होण्याआधीच लोक तिथल्या जमिनी घेऊ लागले आहेत, एवढं पुरे. ठिकाणाचा उल्लेख यापुढे फक्त ‘ट’ असा करीन.

तज्ज्ञांनी पडद्यावर धोक्याची लक्षणं दाखवली. एकटा राहणारा. रजा न घेणारा. सगळे गेल्यावरही बसून राहणारा. बढती हुकलेला. स्वतःच्या सचोटीबद्दल वारंवार बोलणारा.

घरी येऊन स्वतःला प्रामाणिकपणे तपासलं. सगळी लागू पडतात. थोडा वेळ अस्वस्थ होतो. मग लक्षात आलं, मी स्वतःला चांगला ओळखतो. प्रश्न मिटला.

४ फेब्रुवारी, मंगळवार
समोरच्या टेबलावरच्या बाईंना यातलं एकही लक्षण लागू पडत नाही. नवरा, मुलं, सासू, सगळं आहे. रजा मनसोक्त. पाच वाजले की पर्स खांद्याला. सगळे त्यांच्याशी हसून बोलतात. इतकं निर्दोष कोणी असतं का?

निश्चय : बाईंवर नजर ठेवायची.

८ फेब्रुवारी, शनिवार
सलूनमध्ये गेलो. केस वाढले नव्हते, गेल्याच शनिवारी कापले होते. पण माणसाने नीटनेटकं राहावं. न्हावी जुना ओळखीचा, बोलका. म्हणाला, साहेब, मेव्हणा मागे लागलाय, टेकडीच्या पायथ्याला प्लॉट घे म्हणतो, घेऊ का? मी म्हणालो, त्याबद्दल मला काहीही बोलता येणार नाही. म्हणाला, म्हणजे तिथे काहीतरी आहे? मी ताडकन म्हणालो, टेकडी सोडून काहीही विचार!

बिचारा मान डोलावून कात्रीकडे वळला. नंतर मी न सांगता त्याने बराच वेळ डोकं चेपून दिलं. तोंड बंद ठेवणाऱ्याबद्दल लोकांना आदर असतो.

(वरचं पुन्हा वाचून पाहिलं. ‘ट’ म्हणजे काय, हे त्यावरून कोणाला कळणार नाही.)

९ फेब्रुवारी, रविवार
ताईचा फोन. आठवडाभर काय केलंस? सांगता येणार नाही म्हणालो. बरं, जेवलास का, ते तरी सांग. म्हणालो, हो. काय जेवलास? इथे मी थांबलो. त्यात गोपनीय काही नव्हतं, पण सवय. ताई म्हणाली, अरे दगडा, मी तुझी बहीण आहे, हेर नव्हे. तेवढ्यात तिच्याकडे कोणीतरी आलं आणि तिने फोन ठेवला.

घरचं माणूसही हेरांच्या हातातलं बाहुलं होऊ शकतं, असं तज्ज्ञ म्हणाले होते. ताईला हे सांगितलं नाही. उगाच मन दुखावलं असतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार
नजर ठेवायची तर ओळख वाढवायला हवी, आणि ती कशी वाढवायची याचा विचार आठवडाभर चालू होता. आज बाईच उठून आल्या. म्हणाल्या, अहो, सारखं काय फायलीत तोंड घालून बसता, चला चहाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. कँटीनमध्ये खिडकीजवळ बसलो. म्हणाल्या, सध्या काम फार दिसतंय तुम्हाला. मी सावध झालो. रडारबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. म्हणाल्या, मी रडारचं कुठे विचारलं? म्हणालो, तेच बरं.

तपासाची प्रगती : त्या चहात साखर घेत नाहीत.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
आजही चहा. मला मध्येच ठसका लागला. बाई म्हणाल्या, खोकला काही बरा वाटत नाही हो, औषध घ्या, अंगावर काढू नका.

औषध आणलं, पण घेतलं नाही. खोकला इतक्यात बरा होणं तपासाच्या दृष्टीने योग्य नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार
बाई फार चौकशा करतात. शनिवारी कुठे जाता, कोणाशी बोलता, संध्याकाळी घरी कोण असतं. मी सगळं सांगतो, म्हणजे संशय येऊ नये. पण माणूस जाळ्यात ओढायची हीच पद्धत, असं व्याख्यानात होतं. सुरक्षा अधिकाऱ्यांना कळवणं माझं कर्तव्य आहे. उद्या सकाळी पहिलं काम ते.

२० फेब्रुवारी, गुरुवार
कळवलं नाही. पुरावा अपुरा आहे. नवा शर्ट घेतला. निळा.

२२ फेब्रुवारी, शनिवार
सलून. आज बाकावर बरीच माणसं होती. न्हाव्याने सगळ्यांना माझी ओळख करून दिली : हेच ते आपले साहेब. बोलत काही नाहीत, पण यांचं न बोलणं लाखमोलाचं! एकाने उठून मला आपला नंबर दिला. दुसऱ्याने विचारलं, टेकडीची उत्तर बाजू बरी की दक्षिण? मी ओठ घट्ट मिटले आणि खिडकीतून बाहेर पाहत राहिलो. खिडकी दक्षिणेला आहे, हे नंतर लक्षात आलं. त्याने काही बिघडत नाही.

किती प्रेमळ माणसं असतात जगात. आपण भेटत नाही, एवढंच.

२४ फेब्रुवारी, सोमवार
माझ्या एका विनोदावर बाई हसल्या. मोठ्याने.

झोपण्याआधी स्वतःला विचारलं : तक्रार लांबते आहे ती पुराव्यासाठी, की चहासाठी? पुष्कळ विचार केला. मुख्यतः पुराव्यासाठी.

३ मार्च, सोमवार
कर्तव्य आधी. मन घट्ट केलं आणि सुरक्षा अधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये गेलो. म्हणाले, बरं झालं आलात, बोलावणारच होतो. मी बाईंबद्दलचा संशय सांगितला. बाई मुळात वाईट नसाव्यात, कोणीतरी भरीस घातलं असावं, हेही जोडलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग बाईंनाच आत बोलावलं.

म्हणाले, तुमच्याबरोबर चहाला जा, हे यांना मीच सांगितलं होतं. तुमचा न्हावी, त्याचा मेव्हणा, टेकडीखालचे प्लॉट, सगळी साखळी जुळली आहे. मी म्हणालो, साहेब, मी एक शब्दही बोललो नाही! म्हणाले, तेच तर. गेले दोन महिने तुम्ही कशाबद्दल बोलत नाही, हे अख्ख्या वस्तीला पाठ आहे. ऑफिसात तुम्हाला कुलूप म्हणतात, माहीत आहे ना? म्हणालो, हो, ऐकलंय. (मला ते आवडायचं.) म्हणाले, पूर्ण ऐकलं नाहीत. किल्ली लटकवून ठेवलेलं कुलूप.

बाई पूर्ण वेळ फरशीकडे पाहत होत्या. मी निळा शर्ट घातला होता.

६ मार्च, गुरुवार
पैसे खाल्ले नाहीत म्हणून नोकरी राहिली. गोपनीय कपाटाची किल्ली काढून घेतली. आता मी स्टेशनरीच्या भांडारात आहे. कागद, टाचण्या, शाईचे पॅड. इथे समोर टेबल नाही, भिंत आहे.

बाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, राग मानू नका हो, साहेबांनी सांगितलं म्हणून करावं लागलं. म्हणालो, छे छे, ड्यूटी ती ड्यूटी. त्या निघाल्या होत्या, पण मला राहवलं नाही. विचारलं, ते खोकल्याचं, तेही साहेबांनीच विचारायला सांगितलं होतं का?

म्हणाल्या, कुठला खोकला?

८ मार्च, शनिवार
सरकारने केंद्राची जागा बदलली. न्हाव्याच्या प्लॉटला आता कोणी विचारत नाही. म्हणाला, मग आता कुठे हलवलंय? म्हणालो, खरंच ठाऊक नाही. त्याने आरशातून माझ्याकडे नुसतं पाहिलं. डोकं चेपलं नाही. केस फार लवकर कापून झाले.

९ मार्च, रविवार
ताईचा फोन. आज तिला सगळं सांगायचं ठरवलं होतं. टाचण्यांचं, भिंतीचं, चहाचंसुद्धा. आता काहीच गोपनीय नाही. मनात वाक्यंही जुळवून ठेवली होती.

ताईने आज विचारलंच नाही. स्वतःच म्हणाली, असू दे रे, तुला सांगता येत नाही, माहीत आहे मला. जेवून घे. आणि फोन ठेवला.

खोकला बरा आहे.