बाबांचा राखीव हात

ती. आत्यास,

तुझ्या पेन्सिलीचा (काडीसारखी अंगकाठी आणि सतत काहीतरी खरडत बसायची सवय, म्हणून तूच ठेवलेलं नाव) वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? साखर शेवटची कधी तपासलीस? तुला हे पत्र वाचून दाखवणाऱ्या औषधवाल्या काकांनाही नमस्कार. काका, या खेपेला जरा सावकाश वाचा, आणि वाचायच्या आधी आत्याला खुर्चीत बसवा.

आत्या, सर्वात आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात पहिल्या पानावर, खालून चौथ्या ओळीत मी लिहिलं होतं की बाबांचा उजवा हात जपायचा आहे. तिथे 'डावा' असं वाचावं. ते पत्र अजून असेल तर काकांकडून तेवढा शब्द खोडून घे. चूक एकाच शब्दाची आहे, पण त्या शब्दानं पाच आठवडे आमच्या घरात जो धुमाकूळ घातला तो सांगायला ही दोन पानं तरी लागतील. (फोन का केला नाहीस, असं तू विचारणार. फोनवर तू बोलतेस आणि मी हुंकार देते. कागदावर निदान माझं वाक्य पूर्ण होतं.)

तुला आठवत असेल, रक्तवाहिन्यांचे डॉक्टर, जे फक्त सोमवारी बसतात, त्यांनी आम्हाला सगळं नीट समजावलं होतं. वीस वर्षांच्या साखरेनं बाबांच्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब झालंय, आणि मूत्रपिंडं थकल्यामुळे त्यांच्या भिंतींत चुन्यासारखा थर बसून त्या कडक होत चालल्यात. अस्तर म्हटल्याबरोबर बाबांना सगळं कळलं, कारण शिंप्याला अस्तराचं महत्त्व सांगावं लागत नाही. चुना म्हटल्याबरोबर आमच्या घरातल्या काकाला, म्हणजे तुझ्या धाकट्या भावाला, सगळं कळलं, कारण तो प्लंबर. तेव्हापासून घरात दोन पक्ष झालेत. बाबा म्हणतात, "अस्तर गेलं की कोट गेला." काका म्हणतो, "दादा, कोट राहू दे, आधी प्रेशर बघ." आणि तो बाबांच्या मनगटावर बोट ठेवून, डोळे मिटून, गळका नळ ऐकावा तसा ऐकत बसतो. रक्तदाबाची गोळी चुकली तर काका त्याला 'मेन व्हॉल्व्ह उघडा ठेवणं' म्हणतो. हसू येतं, पण त्याच्या धाकानं गेल्या महिन्यात बाबांची एकही गोळी चुकलेली नाही, हेही मला प्रामाणिकपणे लिहिलं पाहिजे.

आता मुद्दा हाताचा. पुढेमागे बाबांचं रक्त यंत्रानं धुवावं लागणार. त्यासाठी एका हातातली शीर आणि धमनी आधीच जोडून ठेवतात, म्हणजे काही महिन्यांत ती शीर फुगून मोठी सुई घ्यायला तयार होते. त्या हाताला तोवर सुई टोचायची नाही, रक्तदाबाचा पट्टा बांधायचा नाही, ओझं उचलायचं नाही. आणि हात शक्यतो कमी वापरातला निवडतात, म्हणून दवाखान्याच्या कागदावर प्रश्न होता, 'लिहिण्याचा हात कोणता?'

कागद मीच भरला. वयाच्या सातव्या वर्षापासून या घरात जे काही वाचायचं ते मीच वाचते, मग ते विजेचं बिल असो की उंदराच्या औषधामागची सूचना. मी बाबांना प्रश्न वाचून दाखवला. त्यांनी आपले दोन्ही हात नीट पाहिले आणि म्हणाले, "डावा." मी त्यांच्याकडे पाहिलं. बाबांची कात्री उजव्या हातात, चमचा उजव्या हातात, मी शाळा बुडवली तेव्हा मला बसलेली एकमेव चापटही उजव्याच हाताची. पण कागदानं कात्रीचं विचारलं नव्हतं. डॉक्टर लोकांना लिहिण्याच्या हातामागे काहीतरी बारीक अर्थ अभिप्रेत असेल, आपण शहाणपण करू नये, असं मनाशी म्हणून मी स्वच्छ अक्षरात 'डावा' लिहिलं. खाली रेघसुद्धा मारली. (औषधवाले काका, ही ओळ दोनदा वाचू नका. एकदा पुरे.)

झालं. उजवा हात राखीव ठरला. आईनं बाबांच्या सगळ्या सदऱ्यांना उजवी बाही लाल कापडाची शिवली आणि तिच्यावर माझ्याकडून 'हात लावू नये' असं लिहून घेतलं. रक्त घ्यायला येणारी परिचारिका नुसती त्या बाजूला वळली तरी आई मध्ये उभी राहायची. ती बिचारी दर वेळी डाव्या हाताला टोचायची, आता तो हात कोपरापर्यंत जांभळा आहे. बाबा डाव्या हातानं कापड बेतायला लागले. शाळेच्या गणवेशाच्या दोन डझन पँटींचा एक पाय बोटभर आखूड झाला. मुख्याध्यापिकाबाई आल्या तेव्हा काकानं त्यांना गंभीरपणे सांगितलं, "बाई, पँट सरळ आहे, तुमचं अंगण उतारावर असेल." बाई खरंच बघायला गेल्या.

परवा कुरिअरवाला धाग्यांचं खोकं घेऊन आला. सही मागितली. बाबांनी लाल बाही छातीशी धरली, डाव्या हाताचा अंगठा शाईच्या गादीवर दाबला आणि कागदावर टेकवला. मी तिथेच होते. मी विचारलं, "बाबा, तुम्ही दवाखान्यात डावा का म्हणालात?" तर मलाच वेड लागलंय अशा नजरेनं पाहत म्हणाले, "मग काय म्हणू? जन्मभर ह्याच अंगठ्यानं लिहिलंय. दुकानाच्या करारावर हाच, बँकेत हाच, तुझं नाव शाळेत घातलं त्या कागदावर हाच. उजव्या हातानं मी कधी लिहिलंय गं?"

आत्या, बाबांनी खरं तेच सांगितलं होतं. मी वाचलंही बरोबर आणि लिहिलंही बरोबर. आणि त्यामुळे पुढच्या गुरुवारी त्यांच्या कात्रीच्या हातावर शस्त्रक्रिया ठरलीय.

मी घरात खरं काही बोलले नाही. घाबरून एवढंच म्हटलं की आजपासून दोन्ही हात राखीव. आईनं लगेच दुसरी बाही लाल केली. त्यामुळे सध्या बाबांना आई भरवते, काका त्यांचे केस विंचरतो (भांग चुकीच्या बाजूला), आणि बाबा मशीनसमोर बसून पायांनी नुसतं पायडल मारतात. सुई खालीवर होते, कापड नसतं. काल म्हणाले, "पेन्सिले, तू वाचलं आहेस म्हणजे बरोबरच असणार." ते ऐकून मला जेवण गेलं नाही.

घरचे बाकी सगळे ठीक. तब्येतीला जप.

तुझी,
पेन्सिल

ता. क. १. तुलाही साखर आहे म्हणून मागच्या पत्रानंतर तूही उजवा हात झोळीत बांधलास, असं कळलं. तो सोड. तुला कोणी सांगितलेलं नाही.

ता. क. २. (फक्त औषधवाल्या काकांसाठी, मोठ्यानं वाचू नये.) आत्या गुडघ्यांसाठी तुमच्याकडून दुखण्याच्या गोळ्या मूठमूठ नेते. त्या मूत्रपिंडांना वाईट. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नका, आणि तिची लघवी-रक्ताची तपासणी करून घ्या. ती ओरडली तर माझं नाव सांगा.

ता. क. ३. आत्या, खरं काम हे आहे. कात्री हातात येण्याआधीचे बाबा तुझ्याशिवाय कोणी पाहिलेले नाहीत. लहानपणी ते दगड कोणत्या हातानं मारायचे? मुळात डावरे असून त्यांना कोणी बळजबरीनं उजवं केलं नव्हतं ना? बाबांना मी आता विचारणार नाही, ते विचारलं तेवढ्याचंच उत्तर देतात. रविवारपर्यंत फोन कर. या वेळी बोल तू, मी ऐकते, पण हाताचं आधी सांग.

ता. क. ४. तुझा फोन आला नाही तरी मी जाणार. तो कागद परत मागून 'डावा'वर रेघ मारणार, जांभळ्या हातातल्या शिरा अजून जोडण्याजोग्या आहेत का ते डॉक्टरांना यंत्रानं तपासायला लावणार, आणि चूक लिहिणारीची आहे, सांगणाऱ्याची नाही, असं लिहून खाली सही करणार. बाबांना शेजारी बसवून, त्यांच्या देखत. सोमवारी, वीस तारखेला, सकाळी दहा वाजता.