रिकाम्या गाडीचं वजन

१२ ऑक्टोबर २०२४, अशोक विजयादशमी. अकोला

आज मी मालक झालो. शाळा चौथीपर्यंत, बाकीचं शिक्षण मैलाचे दगड अन् दुकानांच्या पाट्या वाचून. उभी हयात दुसऱ्याच्या गाड्या हाकल्या. एकसष्टाव्या वर्षी स्वतःच्या दहाचाकी ट्रकवर बसलो, तर स्टिअरिंगसुद्धा लोण्यासारखं वाटलं. बायको ललितानं बुद्धवंदना घेतली, गल्लीत पेढे वाटले. जावई सुगतनं बंपरला निळी फीत बांधली. तोही ड्रायव्हरच, कंपनीच्या गाडीवर. गाडीभोवती फिरून फिरून पाहत होता, जसं लेकरू जत्रेतला पाळणा पाहतं. म्हणे, "मामा, आता देवराव शेठ म्हणावं लागते तुमाले."

गाडी भगवंताची. तो अकोटचा, घरी फुलशेती, पण माझ्यासारखाच चाकावर वाढलेला. एका स्टोव्हवर खिचडी शिजवून आम्ही पार कलकत्त्यापर्यंत गेलेलो आहोत. अलीकडे फार खंगला बिचारा. गालफडं बसली, शर्ट खुंटीला टांगल्यासारखा. म्हणे, "माह्याच्यानं आता होत नाई. परक्याले द्याले मन होत नाई, तूच घे." बाजारापेक्षा बऱ्याच कमी भावात दिली. जाताना एवढंच बोलला की रिकामी गाडी वजनकाट्यावर चढवू नको, रिकामं वजन मागच्या फाळक्यावर रंगवलेलंच आहे, पावतीचे पैसे कावून घालवतं?

याला म्हणतात मालकाची अक्कल, असं वाटलं.

२१ ऑक्टोबर. अकोला

पहिली खेप झाली. अकोल्याहून तूरडाळ नागपूरला, येताना संत्र्याचे रिकामे क्रेट अमरावतीपर्यंत. भाड्यातून डिझेल गेलं, टोल गेला, दलालाचं कमिशन, हमाली, बँकेचा हप्ता. उरलेलं ललिताच्या हातावर ठेवलं. तिनं विचारलं, हे मालकाचे की ड्रायव्हरचे? मी म्हटलं, ड्रायव्हरचा पगार आहे, मालक अजून उपाशी आहे. दोघंही पोट धरून हसलो.

तिवशाच्या ढाब्यावर एकटाच जेवलो, पण पोऱ्यानं ताटं दोन मांडली. चुकला असेल.

५ नोव्हेंबर. अकोला

गाडी डिझेल पिऊन राहिली. रिकामी परत येते तरी पुलाच्या चढाला भरल्यासारखी कण्हते. मिस्त्री म्हणे इंजेक्टर गेले. बदलले, फरक नाही. म्हणे ब्रेक घासत असतील. तेही पाहिले. दोन खेपांची कमाई गॅरेजमध्येच जिरली. नोकर होतो तेव्हा अशा वेळी मालकाला शिव्या तरी देता येत होत्या.

कमरेच्या पट्ट्याला मोच्याकडून नवीन भोक पाडून घेतलं. धावपळीनं उतरलो असेन.

१७ नोव्हेंबर. अकोला

एक गोष्ट ललिताला सांगितली नाही. बसलो की सीटची स्प्रिंग दबायची, करकरायची. आता दबत नाही. उतरलो की करकरते.

ती म्हणते, मालक झाले अन् खाणं सोडलं का? खातो तर दोघांचं. दवाखान्यात नेलं. साखर बरोबर, थायरॉईड बरोबर, छातीचा फोटो साफ. वजन पंचावन्न. डॉक्टरीणबाईनं विचारलं, आधी किती होतं? ललिता म्हणाली, ऐंशी. दसऱ्याला ऐंशी होतं.

३० नोव्हेंबर. अकोट

जिनिंगवर कापसाच्या गठाणी भरायला आलो. इथली नवीन पद्धत, रंगवलेलं वजन चालत नाही. गाडी आधी रिकामी काट्यावर घ्यायची अन् ड्रायव्हरनं खाली उतरायचं. उतरलो. काटेवाला खिडकीतून ओरडला, "ओ काका, दुसऱ्यालेबी उतरवा ना!"

मी म्हटलं, दुसरं कोणी नाही. तो म्हणे, मंग काचेमागं बसलं ते काय तुमची सावली हाय? चढून पाहिलं. केबिन रिकामी. सीट मात्र खाली दबलेली.

पावतीवर वजन रंगवलेल्यापेक्षा पंचवीस किलो जास्त. माझ्या अंगातून गेले तेही पंचवीस—

आम्ही भुताखेताला मानणारी माणसं नाही. बाबासाहेबांची लेकरं आम्ही. ताडपत्री ओली असेल, चाकांना चिखल असेल. पण पाऊस कुठे आहे? ताडपत्री कडक वाळलेली आहे.

भगवंताच्या घरी जातो. इथून जवळच आहे.

३० नोव्हेंबर, दुपार. अकोट

भगवंत ओळखू आला नाही. गाल भरलेले, शर्टाची बटणं ताणलेली. ओट्यावर बसून शेवंतीचे हार ओवत होता. मला पाहून हार खाली पडला. माझ्या तोंडाकडे नाही, कमरेच्या पट्ट्याकडे पाहिलं त्यानं. त्याला ठाऊक होतं कुठे पाहायचं ते.

मी बोलायच्या आधीच रडायला लागला. गाडी त्याला त्याच्या सख्ख्या साळ्यानं दिली होती. ती मालकाचं अंग थोडंथोडं आत घेऊन बसते. विकली की अंग परत मिळतं. पण परक्याला विकली जात नाही, सौदा मोडतोच, त्यानं करून पाहिलं. डोळे झाकून भरवसा ठेवील असाच माणूस लागतो. "तुह्याशिवाय मले हाय कोण असं?" म्हणाला. हे त्यानं असं सांगितलं, जसं मोठा मान दिला मला.

त्याच्या सायटिकात सबंध नागपूर-कलकत्ता मी एकट्यानं ओढलं होतं. त्याच्या पोरीच्या लग्नात मी पंगतीला वाढत होतो.

निघताना पाठीमागून म्हणाला, "तुहा जावई हाय ना. भरल्या अंगाचा पोरगा हाय, देवराव. तिले लय दिवस पुरते."

९ डिसेंबर. अकोला

सुगत आला. कंपनीची नोकरी सोडून आला. भगवंतानं त्याला फोन केला होता, सासरा थकला, गाडी मागून घे, नाही म्हणणार नाही म्हणून.

मी नाही म्हटलं. कारण विचारलं, काय सांगू? म्हटलं, देत नाही. पोरगा पांढरा पडला. म्हणे, "स्वतः मालक झाले अन् मले जिंदगीभर ड्रायव्हरच ठेवता का मामा?" चहा न घेता गेला. प्रियदर्शनी, आमची पोर, फोन उचलत नाही.

एक सही केली तर अंगावर मांस येईल. एकच सही. सीटवर बसलो की बाजूला कोणीतरी हसून—

नाही. देणार नाही.

१५ डिसेंबर

पट्टा बांधत नाही आता. वारा आला की ललिता दंड धरते. बायकोनं धरून ठेवलं म्हणून मी रस्त्यावर.

गाडीचा बाहेरचा आरसा. त्यात ड्रायव्हर दिसतो. गाल भरलेले. दसऱ्याचा मी.

१८ डिसेंबर. भंगारबाजार

उपाय सापडला. विकायचीच नाही. तोडायची. तोडली म्हणजे सुगत सुटला. माझं अंग मला परत मिळेल, न मिळेल. हप्ते ललिता— ते नंतर.

भंगार किलोवर. गाडी काट्यावर घेतली. मी उतरलो.

आकडा हलला नाही. पुन्हा चढलो, उतरलो. तोच.

भंगारवाला हसून म्हणे, काका, केबिनमधल्या भाऊलेबी उतरवा, चहा पाजतो. म्हणे, सख्खे भाऊ दिसता, तो जरा अंगानं हाय.

१८ डिसेंबर. तिथेच

टायरवर बसून लिहितो. कागद दगडाखाली. मीही दगड मांडीवर घेतला आहे. नाहीतर बसवत नाही.

गॅसकटर पेटवला. ड्रायव्हरकडच्या दारापासून सुरुवात करतात म्हणे.

उजव्या खांद्याला ऊब लागली. ऊन असेल. पण मी तर सावलीत—

चटका. खांदा.

ओरडलो, थांबव. कोणी वळलं नाही. आवाज निघतो, पण पोचत

दार पडलं. तो आतून माझ्याकडे पाहतो. हात वर करतो, मी नाही केला, माझाही वर

आता सीट काप