ताईची वेखंडाची डबी

हिमायतनगर, हैदराबाद
३ नोव्हेंबर १९९४

ती. ताईस एकनाथचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. प्रणिता बाळंतपणाला माहेरी आली आहे आणि रोज मला घराबाहेर काढायची धमकी देते. कारण माझं कपाट. ठासणीच्या बंदुकीची दारू पूर्वी ज्यात भरून कमरेला लटकवत, ती बारूददानं मी जमवतो, हे तुला ठाऊक आहेच. सांबरशिंगाची, शिंपल्याची, पितळेची. प्रत्येकापुढे माझ्या अक्षरातली पाटी. मग पाळणा कुठे ठेवायचा, असं पोरीचं म्हणणं. तुझी भावजय कुसुम मला सरळ हौला, म्हणजे खुळा म्हणते. इतकी वर्षं हैदराबादेत राहून तिने तेवढंच उर्दू उचललं.

रविवारी अफझलगंजला शकूरमियांच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात गेलो होतो. बाजार खुला झाल्यापासून लोक आजोबांच्या वस्तू विकून रंगीत टीव्ही आणतात, आणि त्या वस्तू परदेशी जातात. मियांनी एका उस्मानी, म्हणजे तुर्की बारूददानाचा फोटो दाखवला. चपटं पोट, त्यावर चंद्रकोर, तोंडाला स्प्रिंगची खटकी. ती दाबली की नेमकी एका बाराची दारू बाहेर पडते. पण ते दिल्लीच्या व्यापाऱ्याने आधीच उचललं होतं. तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही.

चित्र काढून सोबत जोडलं आहे. लोभ आहेच, चित्र बघून थोडा वाढवावा.

तुझा एकनाथ


परभणी
१४ नोव्हेंबर

चि. एकनाथास अनेक आशीर्वाद.

चित्र पाहिलं. अरे शहाण्या, ही तर माझी वेखंडाची डबी. अगदी अशीच, चंद्रकोरीसकट. आपल्या आबांना कुणा नवाबाने वकिलीच्या फीऐवजी दिलेली. पोलीस ॲक्शननंतर त्यांनी बंदूक सरकारजमा केली, डबी रिकामी केली आणि माझ्या हातात देऊन म्हणाले, घरात कशाला तरी लाव. मी वेखंडाला लावली. घरात बाळ जन्मलं की न्हाऊमाखू घालून टाळूला आणि पोटाला वेखंड लावायचं; खटकी दाबली की नेमकं चिमूटभर. तुझी प्रणितासुद्धा त्यातलंच लावून मोठी झाली. तेव्हा तू कचेरीत असायचास, तुला कुठलं दिसणार.

जगभर शोधत फिरतोस आणि वस्तू बहिणीच्या फडताळात. कुसुमचा शब्द बरोबर आहे.

तुझी ताई


हिमायतनगर
२३ नोव्हेंबर

ती. ताईस शि. सा. न.

तुझं पत्र वाचून मी खुर्चीतून उठलो आणि पुन्हा बसलो. तुर्की वस्तू, आणि तीत वेखंड. शकूरमियांनी तर कानाला हात लावले. ताई, ती डबी मला पाठव. कपाटातली मधली जागा मी रिकामी केली आहे, आबांचं नाव घालून पाटीही लिहिली आहे. बदल्यात तुला स्टीलची झाकणाची छानशी डबी पाठवतो.

नाहीतरी आता तिचा उपयोग काय? इथल्या डॉक्टरीणबाईंनी वेखंडाला साफ नक्को म्हटलं आहे. जावईबापूंनी परदेशी पावडरचे मोठाले डबे आधीच आणून ठेवलेत.

उत्तराची वाट पाहतो. नाही म्हणू नकोस, एवढी माया असू दे.

एकनाथ


परभणी
५ डिसेंबर

चि. एकनाथास आशीर्वाद.

शेजारचे दत्तोबा गाडीने तिकडे निघालेत, त्यांच्यासोबत डबी पाठवली आहे. वेखंड काढून घेतलं आहे. स्टीलची डबी नको, माझ्याकडे पुष्कळ आहेत.

एक सांगते, मग विषय संपला. तुझे भावोजी गेल्यापासून मला कुंकवाला कोणी बोलावत नाही. वेखंडाला मात्र बोलवायचे. कुठे पाळणा हलला की पोस्टकार्ड यायचं, सुशीलाबाई, डबी घेऊन या. मला मूलबाळ नाही, पण त्या डबीपायी प्रत्येक घरातल्या बाळाचं पहिलं न्हाणं माझ्या मांडीवर झालं. आता पावडरचे डबे आलेत म्हणतोस, तर बरंच आहे. प्रणिताला जप म्हणावं.

ताई


हिमायतनगर
१२ जानेवारी १९९५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. आधी आनंदाचं: मुलगी झाली. आता दुसरं.

डबी तळाशी जड लागत होती. काल मी तार घालून आत खरवडलं, तर काळी खरपुडी निघाली. जुनं वेखंड वाळून बसलं असेल, असं मला वाटलं. बाळाच्या धुरीसाठी शेगडीत निखारे केलेले होते. पोरीला अजून आणलं नव्हतं, हे नशीब. वास चांगला येईल म्हणून चिमूटभर निखाऱ्यावर टाकली. भस्सकन जाळ झाला आणि माझी डावी मिशी गेली. ताई, आबांनी डबी नीट रिकामी केलीच नव्हती. तू इतकी वर्षं आपल्या घरातल्या सगळ्या पोरांना वेखंडात बंदुकीची दारू मिसळून लावलीस.

कुसुम आधी घाबरली आणि मग पदर तोंडाला लावून हसत सुटली. प्रणिताने विचारलं, डबी मागवली तर आत्या का नाही आली? मग तिने तुझं पत्र मागून घेतलं. वाचलं, आणि माझ्याशी बोलायची थांबली. परदेशी पावडरने पोरीला पुरळ उठलं आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पावडर बंद करा. टाळूला वेखंड लावायचं तर लावा बापडे.

मी चुकलो, ताई. मी डबी मागितली आणि तुला बोलवायचं विसरलो. डबी स्वच्छ धुऊन, वाळवून पाळण्याशी ठेवली आहे. कोणी हात लावलेला नाही. तू आल्याशिवाय बारसं होणार नाही, असं प्रणिताने सर्वांना बजावलं आहे. नामपल्लीला नुमाइशचं वार्षिक प्रदर्शन लागलं आहे, तेही बघून होईल.

लोभ उरला असेल तर ये.

तुझा एकनाथ


परभणी
१८ जानेवारी

चि. एकनाथास आशीर्वाद, उजव्या मिशीसकट.

तरीच म्हटलं, आपल्या घरातली सगळी पोरं एवढी भडक डोक्याची कशी. तुझ्या वेळेला डबी आबांच्या कमरेला होती, म्हणून तू एकटा असा थंड राहिलास.

पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि रडले, हे कुसुमला सांग, शेजाऱ्यांना नको. पुढच्या बुधवारच्या गाडीने येते. वेखंड घरचं कुटून आणते. शेगडीपाशी तू फिरकू नकोस.

डबी माझ्यामागेही कपाटात जायची नाही. ती प्रणिताच्या पोरीची. तू लिहिलेली पाटी मात्र फुकट घालवू नकोस. मधल्या रिकाम्या जागेवर लाव आणि आबांच्या नावाखाली लिही: वस्तू कामावर गेली आहे.

तुझी ताई