माझ्यामागून म्हणा

मोंबासा, १२ जुलै १९३३

चि. गोदूस,
समुद्रापलीकडून दादाचे आशीर्वाद.

मी खुशाल आहे. इथेही नारळाची झाडं आहेत, मुरुडसारखीच, असं आईला सांग. तिचे गुडघे कसे आहेत? पडवी गळत नाही ना?

शाळेचं विचारलंस. माझ्यापुढे सहा-सात वर्षांची चाळीस पोरं असतात. घरी ती गुजराती बोलतात, मला ती येत नाही, आणि हेडमास्तरांनी वर्गात इंग्रजीखेरीज शब्द काढायला बंदी केली आहे. म्हणून मी म्हणायचं आणि पोरांनी माझ्यामागून म्हणायचं. मी 'सिट डाउन' म्हटलं की सगळी 'सिट डाउन' ओरडतात आणि उभीच राहतात! सहा महिने हेच चाललंय. आता माझा मलाच आवाज नकोसा झाला आहे.

सोमवारी तपासणीला साहेब आले. मला तीन दिवस ताप होता, पण रजा कोण देतो? फळ्यापाशी डोळ्यांपुढे अंधारी आली आणि खुर्चीत बसताना तोंडून 'आई गं' निघालं. लगेच सगळा वर्ग एका सुरात ओरडला, 'आई गं!'

साहेब हसले. हेडमास्तर हसले नाहीत. "पुन्हा असं झालं तर परतीची आगबोट धरा," म्हणाले.

तापाचं आणि बोटीचं आईला वाचून दाखवू नकोस. एवढंच सांग, की इथे चाळीस पोरं तिला हाक मारतात, अगदी माझ्यासारखी.

तुझा,
दयारामदादा