बारा मिनिटांच्या दूषित नोंदी न पुसण्याबाबत

प्रति,
मा. नोंद-तपासणी अधिकारी,
सागरी वायुमापन कार्यालय.

विषय : दि. ७ रोजीच्या १०.४० ते १०.५२ या वेळेतील नोंदी जतन करण्याबाबत.
संदर्भ : आपले दि. २१ चे पत्र.

महोदय,

१. समुद्र हवेतला कार्बन डायऑक्साइड किती घेतो आणि किती परत सोडतो, हे मोजणाऱ्या नौकेवर मी यंत्रचालक आहे. हवा पुढच्या टोकावरच्या नळीतून येते. यंत्र खालच्या खोलीत असते. माणसाचा श्वास नळीत गेला की आकडे बिघडतात, म्हणून नोंदी थांबवल्याशिवाय नळीजवळ जाण्यास मनाई आहे.

२. त्या दिवशी बारा मिनिटे आकडे सारखे वरखाली होत राहिले. १०.५२ नंतर रेघ सरळ आहे. या नोंदी दूषित आहेत, याबद्दल माझा वाद नाही. पण आपल्या पत्रानुसार त्या येत्या सोमवारी पुसल्या जाणार आहेत. सुक्याबरोबर ओले जळू नये, म्हणून हा अर्ज.

३. तो श्वास माझ्या मेहुण्यांचा आहे. नळीच्या जाळीवरचे मीठ पुसणे हे त्यांचे काम. कप्तान सुकाणूवर होते, स्वयंपाकी चुलीपाशी, मी खाली. पाचवे माणूस नौकेवर नव्हतेच. नोंदी थांबवल्या की सकाळचे काम फुकट जाते, म्हणून ते मला न सांगता गेले असावेत. तिथूनच ते पाण्यात पडले. अजून सापडलेले नाहीत.

४. चौकशी अहवाल म्हणतो, "कामाची जागा सोडून गेले." त्याला आधार माझ्या वहीचा. अकरा वाजता मी जिन्यातूनच हाक मारली, ओ आली नाही, आणि मी "जागेवर नाही" असे लिहून मोकळा झालो. डुलकी काढत असतील, असे वाटले. वर गेलो तो चाळीस मिनिटांनी. याची मला फार लाज वाटते. बहीण रोज विचारते, "दादा, ते कामावर होते ना?" शेजारपाजारी त्यांना कामचुकार म्हणू लागले आहेत.

५. तरी माझी नोंद रद्द करून माझ्यावर कारवाई व्हावी. ते आकडे सरासरीत धरू नयेत, फक्त ठेवावेत. वाटल्यास मेहुण्यांवर मनाई मोडल्याचा ठपका ठेवावा. घरच्यांची हरकत नाही. मात्र त्यासाठी ते तिथे होते, असे आधी लिहावे लागेल. तेवढे लिहावे.

सोमवारपूर्वी उत्तराची वाट पाहणारा,
(सही)
यंत्रचालक, निरीक्षण नौका
दि. २४

सोबत : १) त्या सकाळच्या आलेखाची प्रत. २) माझ्या वहीचे पान. ३) बहिणीचे संमतिपत्र.