माझा नितळ बर्फ

३ फेब्रुवारी
गोळीबाराच्या रेंजवर रुजू झाले. काम: बर्फाच्या लाद्या तयार करणे. बर्फाळ चौकीवरचा माणूस बर्फाच्या भिंतीआड वाचेल का, हे पाहायला साहेब त्यांवर मोठ्या बोअरच्या रायफलीने गोळ्या झाडून घेणार. त्यांनी विचारलं, आवाजाची भीती वाटते का? मी म्हटलं, मुळीच नाही. महिनाअखेरच्या मोठ्या चाचणीनंतर परमनंट करायचं की घरी पाठवायचं, ते ठरेल. घरी हे ऐकून धाकटा भाऊ हसून लोळला. म्हणे, फुगा फुटला तरी पलंगाखाली शिरणारी तू! लहान आहे अजून. चोवीस वर्षांचा.

४ फेब्रुवारी
पहिला बार. मी दचकले नाही. खुर्ची उलटली, कारण ती हलकी होती.

५ फेब्रुवारी
आईकडून कापसाची गुंडाळी घेतली. रेंजचा नियम आहे की कान झाकायच्या इअरमफखाली काही घालायचं नाही, आतल्या स्पीकरवरचं 'थांबा' ऐकू आलं पाहिजे. नियम तीनदा वाचला. कापूस मफखाली नसतो, कानात असतो. नियमांच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे.

९ फेब्रुवारी
बाबांची हयात बर्फाच्या कारखान्यात गेली. त्यांनी लहानपणीच शिकवलंय: ज्या लादीतून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येतं तो बर्फ, बाकी नुसतं गोठलेलं पाणी. म्हणून पाणी दोनदा उकळलं. लादी काचेसारखी निघाली. आमचे नेमबाज, ज्यांना सगळे ठोकाका म्हणतात, ते म्हणाले, पोरी, हे तर झुंबर फोडायला लावतेस! फोडलं. गोळी आरपार, मागच्या वाळूत. गोळीतच काहीतरी दोष असणार.

१३ फेब्रुवारी
तीन लाद्या एकामागे एक. तिन्हींचा चुरा. साहेब म्हणाले, चला, सरबताची सोय झाली. कौतुक करण्याची त्यांची पद्धत असावी.
निश्चय: पाणी आणखी शुद्ध. तीनदा उकळणार.

१८ फेब्रुवारी
लिहायला लाज वाटते. काल साच्यावर वाकून बुडबुडे काढत होते, तर खिशातली कापसाची गुंडाळी आत पडली. काठीने काढायला गेले, ती पिंजून सगळ्या पाण्यात पसरली. तेवढ्यात साहेब आले. मी साच्यावर झाकण टाकून हवामानाविषयी बोलत राहिले. आज सकाळी पाहते तर लादी दह्यासारखी पांढरीफट्ट. बाबांनी पाहिली तर मुलगी म्हणून ओळख देणार नाहीत. गोणपाटाखाली ढकलली आहे. उद्या फोडून टाकीन.

२१ फेब्रुवारी
उद्या नक्की फोडणार. कापूसही सोडणार. मुळात मला गरज नाहीच, कानांना थंडी बाधते एवढंच. कँटीनमध्ये ठोकाका काहीतरी विचारत होते, मी आपलं 'हो हो' म्हटलं. नंतर कळलं, त्यांची रविवारची ड्यूटी मी घेतली.

२७ फेब्रुवारी, सकाळी
आज मोठी चाचणी. बाहेरचे अधिकारी आलेत. चार लाद्या तयार, इतक्या नितळ की ठोकाकांनी एकीवर कपाळ आपटून घेतलं. आज कापूस नाही म्हणजे नाही. (नवी गुंडाळी सोबत असू दिली आहे.)

२७ फेब्रुवारी, संध्याकाळी
चारही लाद्या फुटल्या. पाहुणे टोप्या शोधू लागले. तेवढ्यात ठोकाकांनी गोणपाटाखालची ती लादी ओढत आणली. मी दोन्ही हात हलवून नको नको केलं. त्यांना वाटलं, शाबासकी देतेय. बार झाला.

लादी जागची हलली नाही. गोळी आतच.

सगळे धावले. मीही मफ काढून धावले. साहेबांनी छिन्नीने लादी उकलली. गोळी कापसात तान्ह्या बाळासारखी गुरफटलेली. साहेब माझ्याकडे वळून बोलू लागले. चेहऱ्यावर आनंद दिसत होता, म्हणजे अभिनंदनच. मी हसून मान डोलावली. परमनंट! ते पुन्हा बोलले. मी आणखी नम्रपणे हसले. पाहुणे माझ्याकडे बघत होते. मग साहेब जवळ आले, त्यांनी चिमटीने माझ्या उजव्या कानातला कापूस उपसला आणि लादीतल्या ओल्या कापसाशेजारी धरला.

आणि मला एकदम स्पष्ट ऐकू आलं. ते म्हणत होते, चौथ्यांदा विचारतोय, यात काय घातलंस?

२८ फेब्रुवारी
परमनंट झाले. रेंजवर पाऊल टाकायचं नाही. शीतगृहात बसून दिवसभर पाण्यात कापूस पिंजायचा. लादी जितकी गढूळ तितकी चांगली, असा लेखी आदेश आहे. कानात काय वाटेल ते घाल म्हणाले.

बाबांनी विचारलं, बर्फ कसा निघतो? सांगितलं, वर्तमानपत्र वाचता येतं.