पंचमीची सुई

चि. कृष्णात,

आक्काचा आशीर्वाद. तू तिकडं सरहद्दीवर, आन् मी सांगलीच्या दवाखान्यात पडलीया. माझी पानथरी, डॉक्टर प्लीहा म्हणत्यात ती, सुजलीया. उद्या एक्सरेच्या पडद्यावर बघत डॉक्टर तिच्यात सुई घालून तपासणीला तुकडा काढणार हायत. "श्वास रोखून धरा, हललात तर आत रक्त सुटेल," म्हणाले.

उद्या नागपंचमी हाय रं. भावाला इजा हुईल म्हणून आपल्या शिराळ्यात त्या दिवशी कुणी बाई सुईला हात लावत न्हाई. दिवस बदला म्हटलं, तर म्हणाले, "दुखण्याला सण कळत नाही, बाई."

आज चतुर्थीचा, तुझ्या नावानं भावाचा उपास धरलाय. सुई माझ्या पोटात जाईल, पर लागंल कुणाला, ह्याचंच लय भ्या वाटतंय. वाचून पहाऱ्यावर तुझं चित्त ढळंल, म्हणून ह्यो कागद धाडत न्हाई.

उद्या मी श्वास रोखून धरीन. तू मातर तिकडं श्वास घेत ऱ्हा.

तुझी मनुआक्का